'दर्या' आणि 'दऱ्या'मधला फरक यंत्राला सांगताना

गेले काही महिने मी बॉनमधल्या ऑफिसात कोड कमी आणि मजकूर जास्त लिहितोय. एआय कोडिंग एजंट म्हणजे सांगितलेलं काम समजून घेऊन प्रोग्रॅमच्या फाइल्स स्वतःच उघडणारं आणि बदलणारं सॉफ्टवेअर. त्याच्यासाठी आमच्या टीमने फाइल-एडिटिंगचं टूल बनवलंय आणि त्याचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आहे. कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिताना कंटाळा यायचा. इथे मात्र एकेका वाक्यावर तासभर चर्चा होते, कारण ते वाचणारा बहुतेक वेळा माणूस नसतो. एजंटला माउस नाही, मेनू नाही. कामाला लागण्याआधी टूलचं वर्णन त्याच्यापुढे ठेवलं जातं आणि त्यावरूनच तो काय करायचं ते ठरवतो.

टूल तसं साधं. अँथ्रॉपिकच्या क्लॉडसाठी जे टेक्स्ट एडिटर टूल आहे, साधारण त्यातल्यासारख्याच आज्ञा: फाइल पाहा, नवी तयार करा, अमुक ओळीनंतर मजकूर घाला, आणि जुना मजकूर काढून त्या जागी नवा ठेवा. खरी गंमत या शेवटच्या आज्ञेत आहे. एजंटने जुना मजकूर अक्षरन् अक्षर, मोकळ्या जागांसकट, जसाच्या तसा द्यायचा. तो फाइलमध्ये एकदाच सापडला तरच बदल होतो. दोनदा सापडला तर टूल नकार देतं, कारण नेमका कुठला बदलायचा हे त्याने अंदाजाने ठरवू नये. ओळीचा नंबर देऊन बदल करणं सोपं वाटतं खरं, पण वर एक ओळ वाढली की खालचे सगळे नंबर सरकतात.

चाचणीसाठी मी एका ॲपच्या मराठी भाषांतराची फाइल घेतली. 'दुसऱ्या पानावर जा' हे वाक्य बदलायचं होतं. टूल म्हणालं, असा मजकूर फाइलमध्ये नाही. स्क्रीनवर तर समोर दिसत होता! झालं असं, की संगणकावर 'ऱ्या' दोन प्रकारे लिहिता येतं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच, यंत्राला वेगळं. फाइलमध्ये एक होतं, एजंटने दुसरं दिलं.

त्याहून काळजीचं पुढे घडलं. तीनदा नकार मिळाल्यावर एजंटने अख्खी फाइलच नव्याने लिहून काढली आणि त्या भरात ज्या ओळींशी त्याचा संबंध नव्हता तिथलेही शब्द बदलले. मराठी न वाचणाऱ्या कुणालाही त्यात वावगं दिसलं नसतं.

जर्मन सहकाऱ्यांना दुखणं लगेच कळलं. त्यांचं दोन टिंबांचं 'यू' हे एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतं, तसंच साधं 'यू' आणि वर टिंबं असंही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं की दोन्ही एक होतात. आपल्या 'ऱ्या'च्या दोन रूपांना मात्र तो उपाय लागू पडत नाही, ती वेगळीच राहतात. मग एकाने सुचवलं, न दिसणारी चिन्हं सरळ वगळूनच जुळवू या. तेव्हा मी फळ्यावर 'दर्या' आणि 'दऱ्या' लिहिलं. जुन्या पद्धतीतलं जोडचिन्ह वगळलं तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर 'आचार्यांना बोलवा' होतं, आणि लग्नाचं जेवण राहून जातं! याच बॉनमध्ये १८२३ साली ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल या प्राध्यापकाने भगवद्गीता देवनागरी खिळ्यांत छापून प्रसिद्ध केली होती. दोनशे वर्षांनी इथेच अर्ध्या 'र'वरून मीटिंग लांबली.

शेवटी ठरलं की टूलने अंदाज करायचा नाही, पण नुसता नकारही द्यायचा नाही. केन थॉम्प्सनच्या १९६९ मधल्या 'एड' या एडिटरमध्ये काही चुकलं की फक्त एक प्रश्नचिन्ह उमटायचं. माणूस डोकं खाजवून चूक शोधायचा. एजंट तसं करेलच असं नाही, तो आडवाट धरतो. २०२४ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 'एसडब्ल्यूई-एजंट'वर काम करताना हेच दाखवलं, की सदोष बदल तिथल्या तिथे नाकारून चूक सांगणारा एडिटर मिळाला तर एजंटची कामगिरी सुधारते. म्हणून माझा निम्मा वेळ नकाराचं वाक्य घडवण्यात गेला. ते साधारण असं आहे: 'मजकूर सापडला नाही. फाइलमध्ये काहीही बदललेलं नाही. दिसायला सारखा, पण वेगळ्या चिन्हांनी लिहिलेला मजकूर ४२व्या ओळीवर आहे, तो खाली दिला आहे. तोच अभिप्रेत असेल तर तो जसाच्या तसा वापरा. पूर्ण फाइल नव्याने लिहू नका.'

परवाच्या चाचणीत एजंटने हा निरोप वाचला, ४२वी ओळ पुन्हा पाहिली, तिथला शब्द उचलला आणि तेवढाच बदलला. बाकीची फाइल मी दोनदा ताडून पाहिली. 'दऱ्या' जागेवर होत्या.