कार्पेट उचकटण्याआधी पायऱ्या मोजा

अमेरिकेतलं घर : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण खालच्या मजल्यावरचं कार्पेट काढून तिथे पाऊण इंच जाडीची लाकडी जमीन बसवली. आता साहजिकच लक्ष जातं ते जिन्याकडे. मधोमध काळवंडलेलं, कडांना विरलेलं कार्पेट डोळ्यांत खुपू लागतं. एवढी मोठी जमीन जमली, तर जिन्याचं काय मोठंसं, असं म्हणत पुष्कळजण थेट पक्कड हातात घेतात. इथेच थांबा आणि आधी टेप काढा. जमीन पाऊण इंच वर आली तरी पायाला कळत नाही. जिन्यावर तेवढ्यानेच माणूस पडू शकतो.

समजा, तुमची प्रत्येक पायरी साडेसात इंच उंच आहे. तिच्या जुन्या फळीवर पाऊण इंच जाडीची ओकची नवी फळी बसवली. मधल्या सगळ्या पायऱ्या सारख्याच वर आल्यामुळे त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. पण वरचा आणि खालचा मजला जागच्या जागी असतील, तर पहिली पायरी सव्वाआठ इंच होते आणि शेवटची पावणेसात. एकाच जिन्यात दीड इंचाचा फरक! अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचे नियम ज्या निवासी बांधकाम संहितेवर बेतलेले आहेत, ती पायरीची उंची पावणेआठ इंचांपर्यंतच ठेवायला सांगते आणि सर्वांत उंच व सर्वांत बुटक्या पायरीत ३/८ इंचाहून जास्त फरक चालवून घेत नाही. यामागचं कारण साधं आहे. जिन्यावर आपण प्रत्येक पायरी बघून पाऊल टाकत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय अंदाज घेतो आणि पुढे त्याच भरवशावर चालतो.

आपल्या घरात खालची जमीन आधीच पाऊण इंच वर आली आहे, म्हणजे पहिली पायरी सावरली. वरच्या मजल्यावरही तेवढीच जाड जमीन येणार असेल, तर हिशेब जुळला. नसेल, तर जुन्या फळ्या काढून तेवढ्याच जाडीच्या नव्या बसवूनही भागत नाही, कारण खालची जमीन वर आल्याने पहिली पायरी पाऊण इंच बुटकी होते. अशा वेळी जुन्या फळ्या काढून स्ट्रिंगरवर, म्हणजे जिन्याच्या तिरक्या आधारांवर, सगळ्या पायऱ्यांची उंची नव्याने सारखी वाटून घ्यावी लागते. कठड्याचा दांडाही मोजा. तो पायरीच्या कडेपासून ३४ ते ३८ इंचांवर हवा. पायऱ्या वर आल्या की तो तेवढाच खाली येतो.

मोजमाप झालं की कार्पेट काढा. त्याखाली गादी, खिळ्यांच्या पट्ट्या आणि असंख्य स्टेपल निघतील. जाड हातमोजे घाला. घर १९७८ पूर्वीचं असेल, तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय घासू नका. खालची फळी पाइनची निघाली, तर कधीकधी पॉलिशवर भागतं, मात्र ते लाकूड ओकपेक्षा मऊ असल्याने लवकर ओरखडतं. कुरकुरणाऱ्या पायऱ्या याच वेळी स्क्रूने आवळा. नंतर तिथे हात पोचणार नाही.

जुन्या फळीची पुढे आलेली गोल कड उभ्या फळीच्या रेषेत कापावी लागते, तरच नवी फळी नीट बसते. भिंती काटकोनात असतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक पायरीचं माप वेगळं घ्या. एकाच मापाने सगळ्या फळ्या कापल्या, तर कडेला फटी राहणारच. जमिनीवर नुसत्या एकमेकींत अडकवलेल्या व्हायनिलच्या पट्ट्या जिन्यावर तशाच ठेवून चालत नाहीत. त्या पक्क्या चिकटवाव्या लागतात आणि पुढच्या कडेला स्वतंत्र नोजिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लागते.

आता घसरण्याचं. आपल्याकडे चपला-बूट दाराशीच निघतात आणि थंडीत सगळं घर मोज्यांवर वावरतं. कार्पेटवर मोजा धरून राहतो, गुळगुळीत ओकवर सटकतो. म्हणून चकचकीत पॉलिश टाळा आणि मधोमध कार्पेटची पट्टी पक्की ठोकून घ्या. त्याने पावलांचा आवाजही कमी होतो. भारतातून आई-वडील राहायला येत असतील, तर ही पट्टी हवीच.

हे काम घरी करण्याजोगं आहे, पण वरचा मजला तसाच राहणार असेल आणि जुन्या फळ्या काढाव्या लागणार असतील, तर अनुभवी सुताराला बोलवा. त्या खर्चात काटकसर करू नका.

पुढच्या आठवड्यात : कठडा आणि त्याचे गज.