हात मागे, धीर पुढे!

पापड-मसाल्याचा, शिवणकामाचा छोटा उद्योग करणाऱ्या बचत गटातल्या मैत्रिणींना सल्ला देणाऱ्या ताईंनाही आधी शिकावं लागतं. पण कसं? नुसत्या भाषणांतून नव्हे, खेळातून!

उद्योजकता प्रशिक्षणात मनोऱ्याचा खेळ जुनाच आहे. एकीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. किती ठोकळे रचणार हे तिने आधी सांगायचं आणि मग एकाच हाताने एकावर एक रचायचे. मदतनीस ताईने फक्त बोलायचं, ठोकळ्यांना हात लावायचा नाही. मग कळतं, आपण धीर देतो की नुसते हुकूम सोडतो!

१९५९ मध्ये अमेरिकेत रोझेन आणि डी'अँड्राडे या अभ्यासकांनी मुलं आणि पालक घेऊन असाच प्रयोग केला. यशाची ओढ जास्त असलेल्या मुलांचे पालक मोठी अपेक्षा ठेवत आणि कौतुकही करत. हुकूम सोडणाऱ्या वडिलांच्या मुलांत ती ओढ कमी दिसली.

उद्योगातही तेच. ताईने हिशेब जरूर विचारावा, हिंमत द्यावी. पण मालाचा दर मैत्रिणीलाच ठरवू द्यावा. गल्ला तिचा, निर्णयही तिचाच!