दगड उलटू नका, सरडा वरच येईल!

उन्हाळ्यात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, तर पवनचक्क्यांखाली करपलेले गवत आणि दगडच दिसतील. जरा थांबा. एखाद्या दगडावर निळा, काळा, नारिंगी रंग चमकेल. मादीचे लक्ष वेधायला नर सरडा गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो-मिटतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या गटाला नावही मराठीच दिले: ‘सरडा’!

फोटो हवाय? सकाळी ऊन चढू लागले की जा. तो कोणत्या दगडावर बसतो, ते लांबूनच हेरा. खाली बसून हळूहळू सरका. तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. पळाला तर पाठलाग नको, बरेचदा तो पुन्हा वर येतो.

मात्र साप-पाली शोधायला दगड कधीच उलटू नका. त्याखालचा गारवा म्हणजे त्यांचे उन्हातले घर. हललेला दगड पुन्हा तसाच बसत नाही. शिवाय खाली फुरसे असेल, तर त्याचा दंश जिवावर बेतू शकतो. खवले घासल्याची खरखर ऐकू आली, तर लगेच मागे सरा.

फोटो हुकला तर उद्या मिळेल. मोडलेले घर मिळणार नाही.