रेवाल चाल

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीत वाढणाऱ्या मराठी मुलास घोडा भेटतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. परंतु नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा जो मोठा बाजार भरतो, तेथे जाणते गिऱ्हाईक रंगरूपाइतकेच चालीकडे पाहते. मारवाडी व काठेवाडी घोड्यांपैकी काहींच्या अंगी असणारी ‘रेवाल’ चाल तेथे विशेष मानाची समजली जाते.

ही चाल म्हणजे काय? दुडक्या चालीत घोडा समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन पाय एकदम टाकतो. मधल्या क्षणी तो अधांतरी असतो आणि खाली येताना स्वाराला हिसका बसतो. रेवाल चालीत एका बाजूचा मागचा व पुढचा पाय पाठोपाठ पडतात. टापा निरनिराळ्या ऐकू येतात, आणि घोड्याची पाठ जवळजवळ स्थिर राहते. लांबच्या मजलेस ही चाल सुखाची ठरली, ती याचमुळे. आइसलँडच्या घोड्यांची ‘टोल्ट’ चालही याच कुळातली. अशा अनेक जातींत एका जनुकातील बदलाचा चालीशी निकट संबंध असतो, हे शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले. चालीचे बीज असे जन्मजात असते. शिक्षणाने ते फुलवता येते, पेरता येत नाही.

म्हणूनच नवशिक्या स्वाराचे पहिले काम आपली मांड पक्की करणे हे होय. दुडकीवर रिकिबीत उठबस करण्याची सवय येथे विसरावी लागते. कंबर सैल, हात हलका आणि कान टापांकडे असावेत. ताल तुटला की वेग कमी करावा. घाई केली तर घोडा दुडकीवर तरी येतो, नाही तर चौखूर उधळतो.

प्रदर्शनाच्या रिंगणात मात्र मोह उभा राहतो. अमेरिकेतील टेनेसी वॉकिंग जातीच्या घोड्यांनी पाय अधिक उंच उचलावेत, म्हणून त्यांच्या पुढच्या पायांना दाहक द्रव्ये लावून जखमा करण्यात येत. ते थांबविण्यासाठी तेथे १९७० साली कायदा करावा लागला. आपल्याकडेही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे. परंतु कायदा पोहोचतो तो गुन्हा घडल्यानंतर. प्रेक्षकांनी उंच उचललेल्या पायावर टाळ्या देण्याऐवजी टापांचा सम ताल ऐकावयास शिकावे, हा उपाय त्याआधीचा आहे. वेदनेने उचललेला पाय आणि आनंदाने टाकलेला पाय यांतील भेद ज्याला कळला, त्यालाच चालीची खरी पारख आली असे म्हणावे.