‘तो म्हणाला की मी...’ यातला ‘मी’ कोण?

आमच्या चाळीतले एक काका एका कारखान्यात स्टोअरवर हेल्पर होते. गोदामातून माल कमी झाला, तेव्हा काकांना मेमो मिळाला आणि खुलासा इंग्रजीत मागितला गेला. काकांनी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बसवले व सांगितले, ‘‘लिही बाबा, मुकादम म्हणाला की मी चावी नेली.’’ मुलाने शब्दाला शब्द लावून लिहिले : द मुकादम सेड दॅट आय टुक द की.

काकांना म्हणायचे होते की, चावी मुकादमाने नेली आणि तसे तो स्वतःच बोलला. कागदावर झाले उलटेच. चावी काकांनी नेली असे मुकादम म्हणतो, आणि काका ते नाकारतही नाहीत! चौकशीत हाच कागद काकांपुढे धरला गेला. दुसरा अर्ज देऊन एक वाक्य दुरुस्त करायला आम्हाला दोन महिने हेलपाटे घालावे लागले.

मुलगा हुशार होता. परीक्षेत हाच प्रश्न आला असता तर त्याने बरोबर सोडवला असता. चूक आली ती मराठीतून. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण ते त्याच्या तोंडचे जसेच्या तसे ठेवतो, नुसता ‘की’ जोडतो. ‘आई म्हणाली की मी उद्या येते’ यात ‘येते’वरून आई कळते. पण ‘नेली’ हे क्रियापद चावीप्रमाणे चालते, नेणाऱ्याप्रमाणे नाही. तिथे मराठी माणूसही प्रसंगावरूनच अर्थ लावतो.

इंग्रजीत मात्र सांगणारा आपल्या जागेवरून आणि आपल्या वेळेवरून बोलतो. मुकादमाचा ‘मी’ काकांच्या तोंडी ‘ही’ होतो. आणि चावी नेणे हे बोलण्याच्याही आधीचे, म्हणून काळ आणखी एक पायरी मागे जातो : द मुकादम सेड दॅट ही हिमसेल्फ हॅड टेकन द की. ‘हिमसेल्फ’ घातल्यामुळे ‘ही’ म्हणजे कोण, हा वादही उरत नाही.

ही पायरी समजली की पाठांतर फारसे लागत नाही. ‘सेड’ आले की ॲम, इजचे वॉज होते, विलचे वुड, कॅनचे कुड. हॅज किंवा साधा भूतकाळ असेल तर हॅड. सांगणारे क्रियापदच वर्तमानात, म्हणजे ‘सेज’ असेल, तर काळ हलवायचा नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असल्या कायमच्या गोष्टीही तशाच ठेवता येतात. गुरुजींनी काल सांगितले म्हणून पृथ्वी आज थांबलेली नसते!

प्रश्नात आपली मुले हमखास अडकतात. साहेबांनी विचारले, ‘‘तू कुठे राहतोस?’’ याचे मुले ‘ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह’ करतात. पण तो आता प्रश्न राहिला नाही, प्रश्नाची हकिगत झाली. म्हणून ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड’, आणि शेवटी पूर्णविराम. तसेच ‘टोल्ड’नंतर कोणाला सांगितले ते यावेच लागते. ‘ही टोल्ड दॅट’ हे मी ऑफिसात रोज वाचतो, पदवीधरांच्या हातचेसुद्धा.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे. २००० सालापासून मराठी शाळांत ते पहिलीपासून आहे, तरी व्याकरणाचे हे प्रकरण परीक्षेच्या गुणांपुरतेच राहते. खुलासा, जबाब, तक्रार अशा कागदांत ते भाकरीशी येऊन भिडते. तेव्हा खुलासा मराठीत चालेल का, हे आधी विचारावे. इंग्रजीतच द्यायचा असेल आणि मनात शंका असेल, तर बोलणाऱ्याचे शब्द सरळ अवतरणचिन्हांत घालावेत : द मुकादम सेड, ‘‘आय टुक द की.’’ यात काळ बदलायचा नाही, की ‘मी’चा गोंधळ नाही.

घरी मुलांकडून सराव करून घ्यायला आईला इंग्रजी आलेच पाहिजे असे नाही. बाबा रात्री म्हणाले, ‘‘मी उद्या डबा नेणार नाही.’’ आठवड्याने मुलाला विचारा, बाबा त्या दिवशी काय म्हणाले, इंग्रजीत सांग. माय फादर सेड दॅट ही वुड नॉट टेक हिज टिफिन द नेक्स्ट डे, असे यायला हवे. त्याच रात्री विचारलेत तर मात्र ‘टुमॉरो’ तसाच राहील, कारण उद्या अजून उजाडायचा आहे.