डोळ्याचा क्षय : निदान आणि उपचार

'क्षय' हा शब्द 'क्षि' म्हणजे झिजणे या धातूपासून आलेला आहे. खंगत जाणारे शरीर या नावातच गृहीत धरलेले असल्यामुळे, ज्याला खोकला नाही, ताप नाही, ज्याचे वजनही उतरलेले नाही, अशा माणसाच्या डोळ्यात हा रोग असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाही. शब्दाने केलेली ही दिशाभूल भाषाभ्यासकांना नवी नव्हे. येथे मात्र तिची किंमत दृष्टीने मोजावी लागते.

रोगजंतू बहुधा फुप्फुसांतून रक्तावाटे डोळ्यात येतात व दृष्टिपटलामागील, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या रंजितपटलात ठाण मांडतात. दृष्टी धूसर होते, डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात. डोळा लाल होतोच असे नाही. फुप्फुसाच्या क्षयात थुंकीतून जंतू दाखविता येतो. डोळ्यातून नमुना काढणे कठीण, आणि काढला तरी त्यात जंतू अतिविरळ. म्हणून चाचणी नकारार्थी आली तरी रोग नाही असे ठरत नाही. हे निदान बहुधा अनुमानच असते. लेखी पुरावा नसलेले मूळ रूप सिद्ध करून तुलनात्मक व्याकरणकार त्यापुढे तारका घालतो, त्याच जातीचे.

या अनुमानाची साधने म्हणजे डोळ्यातील विकृतीचे रूप, छातीचे क्ष-किरण चित्र, माँटू चाचणी आणि रक्ताची इग्रा चाचणी. उपदंश व सार्कॉइडोसिस हे हुबेहूब असेच सोंग घेणारे रोग आधी वगळावे लागतात. माँटू चाचणीत ४८ ते ७२ तासांनी हातावरील कठीण फुगवटा मोजतात. तो १० मिलिमीटर वा अधिक असल्यास चाचणी होकारार्थी मानण्याचा प्रघात आहे. परंतु जेथे क्षय विरळ आहे अशा देशात या होकाराला जे वजन असते, ते ठाण्यातील माजिवड्यासारख्या दाट वस्तीत उरत नाही. आपल्याकडे अनेक धडधाकट प्रौढांच्या शरीरात हे जंतू निद्रिस्त असतात. शिवाय बालपणी टोचलेली बीसीजी लस असतेच. इग्रा चाचणीने लशीचा आक्षेप दूर होतो, निद्रिस्त जंतू व प्रत्यक्ष रोग यांतील भेद मात्र तिलाही करता येत नाही. शब्दाप्रमाणे चाचणीचाही अर्थ प्रसंगानेच ठरतो.

उपचारासंबंधी २०१६ च्या भारतीय मार्गदर्शक सूत्रांत आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व एथॅम्ब्यूटॉल ही चार औषधे २ महिने व पुढे पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन ४ ते ७ महिने सांगितली आहेत. दाह आवरण्यासाठी स्टेरॉइड जोडतात. ते एकटेच दिल्यास प्रथम आराम पडतो आणि जंतूंना मोकळे रान मिळते. उलट, योग्य औषधे सुरू झाल्यावर काही रोग्यांचा दाह प्रारंभी वाढतो. तेव्हा निदानच चुकले असे समजून औषधे सोडणे घातक होय. एथॅम्ब्यूटॉल तर क्वचित दृष्टीच्या मज्जातंतूलाच इजा करते. लाल-हिरव्या रंगांतील भेद मंदावणे ही त्याची आरंभीची खूण असल्याने रंगदृष्टी वेळोवेळी तपासावी व शंका येताच वैद्याच्या सल्ल्याने ते औषध थांबवावे. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा प्रश्न मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात गंभीर आहे. डोळ्यातून जंतूच हाती लागत नसल्याने तेथे तो तपासणेही दुष्कर होते.

क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि डोळ्याचा रोगी त्यास अपवाद नाही. या नोंदीनंतर सरकारी केंद्रातून औषधे विनामूल्य मिळतात. तथापि नेत्रवैद्याचे दार व क्षयकेंद्राचे दार ही दोन वेगळी दारे आहेत. एका दारातून निघालेला रोगी दुसऱ्या दारी पोहोचला की नाही, ही चौकशी चिठ्ठी देणाऱ्या नेत्रवैद्यानेच करावयास हवी.