घ्या की वाईच! सातारा-सांगलीच्या बोलण्यातले न लिहिलेले नियम

सातारा-सांगलीकडचा माणूस पुण्या-मुंबईत तोंड उघडतो आणि समोरचा लगेच विचारतो, "कोल्हापूरचे का हो?" पाठोपाठ 'रांगडी भाषा' हे प्रशस्तिपत्र ठरलेलंच. रांगडी म्हणजे नियम नसलेली, कशीही बोलली तरी चालणारी, असा त्याचा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात या बोलण्याला भरपूर नियम आहेत. ते पुस्तकात नाहीत, एवढंच.

सकाळी दूध घालायला आलेल्या दोन ओळखीच्या माणसांचा हा संवाद घ्या.

"कवा आलासा?"
"मगाशीच आलतो."
"च्या घेतासा न्हवं?"
"नगं, आत्ताच झाला."
"आसं कुटं आसतंय व्हय? घ्या की वाईच!"

'आलास' म्हटलं की समोरचा 'तू', 'आलासा' म्हटलं की 'तुम्ही'. प्रमाण मराठीत जिथं 'आलात' येतं, तिथं इकडं 'सा' लागतो : गेलासा, बसलासा, जेवलासा. 'तुम्ही' हा शब्द न उच्चारताही एका अक्षरात मान राखला जातो. थोरल्या माणसापुढं हे अक्षर गाळलं तर 'मोठ्या माणसाशी कसं बोलावं कळत न्हाई व्हय?' हे ऐकून घ्यावं लागतं. 'आलतो' म्हणजे 'आलो होतो'. गेलतो, बसलतो, सांगितलतं ही सगळी त्याच साच्यातली रूपं.

पहिलं 'नगं' हा नकार नव्हेच. पहिल्या विचारण्याला लगेच 'आणा' म्हणणारा हावरा ठरतो आणि दुसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू. खरं उत्तर दुसऱ्या आग्रहानंतर येतं. त्या आग्रहातला शेवटचा 'व्हय' म्हणजे होकार नाही. वाक्याच्या सुरुवातीला आला तर तो होकार, शेवटी आला तर 'हे मला पटलेलं नाही' अशी हरकत. 'की'चंही तसंच. 'घ्या' ही आज्ञा, 'घ्या की' हा आग्रह ('वाईच' म्हणजे थोडंसं). 'जा की' मात्र सूर बदलला की थेट वैताग होतो. बाहेरून आलेल्याला शब्द समजतात, पण चहा नक्की घ्यायचा की नाही ते कळायला थोडे दिवस जातात.

उच्चारांतही शिस्त आहे. विचाराचा इचार, विहिरीची हीर, विसाचा ईस आणि वेळेची येळ होते. पण वाटेची 'आट' किंवा वाऱ्याचा 'आरा' कुणी करत नाही. म्हणजे 'व' पुढं इ, ई किंवा ए असेल तरच जातो, 'आ' असेल तर जागचा हलत नाही. शेताचं श्यात, देवाचा द्याव, चोराचा च्वार, गोडाचं ग्वाड ही रूपंही ठरलेली. 'पाव्हणं आलं' ऐकून शहरी माणसाला वाटतं, पाहुण्याला नपुंसकलिंगी केलं. तसं काही नाही. प्रमाण भाषेतला शेवटचा 'ए' इकडं अनुस्वारी 'अ' होतो : पाहुणे आले, पाव्हणं आलं, पैसे दिले, पैसं दिलं. आदरार्थी अनेकवचन आहे तसंच राहतं, फक्त कानाला वेगळं लागतं.

दक्षिणेकडं, कृष्णा-वारणेच्या आणि कर्नाटकाच्या बाजूला सरकलं की आणखी एक बदल ऐकू येतो. बायकाही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. 'मी सांगितलं'ऐवजी 'मी सांगितलो' कानावर पडतं. शाळेत याला चूक म्हणून लाल रेघ मिळते. पण या चुकीमागं शेजारच्या कन्नडचा हात आहे आणि अशा बदलांवर झालेला एक अभ्यास जगभर गाजला आहे.

तो अभ्यास घडवला सांगलीजवळच्या कुपवाडनं. आज हे नाव एमआयडीसीमुळं आणि १९९८ साली झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेमुळं माहीत असतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा ते सुमारे तीन हजार वस्तीचं खेडं होतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरांत उर्दू, दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू, मजूर आणि इतर वस्तीत मराठी. घरात आपापली भाषा आणि बांधावर, बाजारात, पारावर दुसऱ्याची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसलं ते असं : इथल्या मराठी, उर्दू आणि कन्नड वाक्यांची बांधणी जवळजवळ एक झाली होती, शब्द तेवढे वेगळे राहिले होते. मराठी बोलणारा 'पाला जरा कापून घेऊन आलो' म्हणे, उर्दू बोलणारा 'पाला जरा काट के ले के आया'. एकेका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला की भाषांतर तयार. नदी पुस्तकी मराठीत 'आली', पुस्तकी उर्दूत 'आई'; कुपवाडात मात्र मराठीत 'नदी आलं' आणि उर्दूत 'नदी आया'. माणसांखेरीज बाकी सगळ्यांचं लिंग कन्नडच्या वळणानं ठरू लागलं होतं.

कुणी कुणाची भाषा मोडीत काढली नाही. घरची ओळख शब्दांत जपली आणि रोजचा व्यवहार सोपा व्हावा म्हणून व्याकरण वाटून घेतलं. हेच गम्पर्झ पुढं माणसं बोलताना सुरावरून आणि शब्दांच्या निवडीवरून एकमेकांचा हेतू कसा ओळखतात, या अभ्यासाचे आद्य पुरुष ठरले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास करून २०१६ साली या जुन्या सिद्धान्ताची चिकित्सा केली. अर्ध्या शतकानंतरही हे गाव भाषाशास्त्रात चर्चेत आहे, सांगलीत मात्र ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही.

साहित्यानं या बोलीला आधीच मान दिला. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची, वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ची. तरी तिथंही बोली बरीचशी पात्रांच्या तोंडी राहिली, निवेदन प्रमाण भाषेनं सांभाळलं. २०१७ साली 'लागिरं झालं जी' या मालिकेनं साताऱ्याचं बोलणं घरोघरी नेलं. त्यातून कौतुक झालं, पण एक छापही तयार झाला : दर वाक्यात 'लई' आणि 'गं' पेरलं की झाली सातारी. 'सा'चा मान आणि दुसऱ्या आग्रहाची वेळ मात्र त्या छापात सापडत नाही.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं जिल्हावार सर्वेक्षण हाती घेऊन ध्वनिमुद्रणं सर्वांसाठी खुली केली आहेत. ती जरूर ऐका. पण घरच्या बोलीची नोंद घरच्यांनीच करायला हवी, कारण पाहुणा समोर आला की आपली माणसं इस्त्रीची भाषा काढतात. या दिवाळीत गावी गेलात तर आजीला मोबाईलसमोर बसवून 'काहीतरी सांग' म्हणू नका. ती शेजारणीशी फराळावरून, उसाच्या तोडीवरून किंवा सुनेवरून बोलत असेल, तेव्हा दोघींना विचारून फोन शेजारी ठेवा आणि आपण गप्प बसा. आणि नातवानं घरात 'इचार' म्हटलं तर त्याला दुरुस्त करू नका. 'विचार' शाळेत शिकता येतो, 'इचार' शिकवणारी शाळा घराबाहेर कुठंही नाही.